अजिंठा ते नारा: नकलांचा इतिहास

(अमळनेर इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राने मला विचारलं, "नारा म्हणजे कोणत्या पक्षाचा?" (हशा) नारा म्हणजे घोषणा नव्हे. नारा हे जपानमधलं एक शहर आहे. इसवी सन ७१० ते ७८४ या काळात ते जपानची राजधानी होतं. त्यानंतर दहा वर्षांनी, ७९४ मध्ये, राजधानी क्योटोला गेली आणि पुढे हजारेक वर्षं तिथेच राहिली. जपानला जाणारा आपला माणूस टोकियो बघतो, क्योटो बघतो आणि नाराला अर्धा दिवस देतो. क्योटोहून गाडीने पाऊण-एक तासाचं अंतर. हरणांना बिस्किटं खाऊ घालायची, मोठा बुद्ध बघायचा, फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मुक्काम केला. सकाळी उठून जरा उंचावर चढलो आणि बघितलं. पूर्वेला कासुगा आणि वाकाकुसाचे डोंगर, पश्चिमेला इकोमा आणि त्याच्या खाली कात्सुरागी-कोंगोची रांग, दक्षिणेला दूरवर योशिनोचे डोंगर. मध्ये सपाट खोरं. खोऱ्यातल्या साऱ्या लहान नद्या एकत्र येतात आणि पश्चिमेच्या डोंगरातल्या एका खिंडीतून ओसाकाकडे, समुद्राकडे निघून जातात. मला एकदम घर आठवलं. आपणही तसेच बसलोय की! उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्री, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधून तापी समुद्राकडे जाते. आपलं खोरं कितीतरी मोठं आहे, पण घडण ओळखीची वाटली.

आपल्या खोऱ्याच्या दक्षिणेच्या त्या कडेवर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, अजिंठ्याची लेणी आहेत. ती वाघूर पुढे खाली उतरून आपल्या तापीला मिळते. आणि नाराच्या खोऱ्यात, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर इकारुगा नावाचं गाव आहे, तिथे होर्यूजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. आजचं व्याख्यान या दोन जागांच्या मधल्या वाटेबद्दल आहे. आणि खरं सांगायचं तर आगींबद्दल आहे.

आधी होर्यूजी. हे मंदिर ६०७ मध्ये स्थापन झालं असं मानतात. ६७० मध्ये ते जळालं आणि पुन्हा बांधलं गेलं. त्याचं जे मुख्य सभागृह आहे, ज्याला 'कोन्दो' म्हणजे सुवर्णमंदिर म्हणतात, ते जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. सातव्या शतकाच्या शेवटी किंवा आठव्याच्या सुरुवातीला त्याच्या आतल्या बारा भिंतींवर चित्रं काढली गेली. चार मोठ्या भिंतींवर बुद्धांच्या स्वर्गभूमी, आठ अरुंद भिंतींवर बोधिसत्त्व. मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा हात, आणि त्यावर लाल रंगाची सारख्या जाडीची, तारेसारखी ताणलेली रेषा.

या भिंतींची छायाचित्रं बघताना अजिंठ्याचं पहिलं लेणं पाहिलेला माणूस थबकतो. तीच किंचित कललेली मान, तेच अर्धे मिटलेले डोळे, कमरेत तोच हलका बाक, हातात कमळ. आपला पद्मपाणी! ओकाकुरा काकुझो नावाचे जपानी विचारवंत १९०२ मध्ये भारतात होते. १९०३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि आशियाची कला ही एकाच घरातली आहे हा विचार त्यांनी जोरात मांडला. तेव्हापासून अजिंठा आणि होर्यूजी ही नावं जोडीने घेतली जातात.

आता इथे आपण एक खबरदारी घेतली पाहिजे. छाती फुगवून "आमच्या अजिंठ्याच्या चित्रकारांनी जपानमध्ये जाऊन चित्रं काढली" असं कुणी म्हणालं, तर तसा काहीही पुरावा नाही. पहिल्या लेण्यातली चित्रं वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. होर्यूजीची चित्रं त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी झाली. मधे काय आहे? बामियान आहे, मध्य आशियातली किझिलची लेणी आहेत, चीनच्या वाळवंटातलं दुनहुआंग आहे, तांग राजांची राजधानी चांगआन आहे, कोरिया आहे. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी चित्र बघितलं, आपल्या हाताने काढलं, थोडं बदललं, पुढे दिलं. म्हणजे नकलेची नक्कल, तिची नक्कल. अशी ती मान कलत कलत नारापर्यंत पोचली.

पण माणसं मात्र आली-गेली, आणि त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. ह्युएनत्संग आपल्याला शाळेत भेटतो. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्याचं वर्णन त्याने केलं. पूर्वेच्या डोंगरात खोल दरीत कोरलेल्या एका विहाराबद्दल तो लिहितो, आणि तो विहार म्हणजे अजिंठा असं बहुतेक अभ्यासक मानतात. ६४५ मध्ये तो चांगआनला परतला. ६५३ मध्ये दोशो नावाचा एक जपानी भिक्षू चीनला गेला आणि ह्युएनत्संगाच्या हाताखाली शिकला. शिकून तो परतला तो कुठे? नारा खोऱ्याच्या दक्षिणेला, आसुकाला. म्हणजे आपल्या डोंगरांबद्दल लिहिणाऱ्या माणसाचा प्रत्यक्ष शिष्य त्या डोंगरांत राहिला.

दुसरं नाव बोधिसेन. हा भारतीय भिक्षू. ७३६ मध्ये तो जपानला पोचला आणि नाराच्या दाइआनजी मठात राहिला. ७५२ मध्ये तोदाइजी मंदिरातल्या कांस्याच्या महाबुद्धाची प्रतिष्ठापना झाली. ही मूर्ती साधारण पंधरा मीटर उंच. मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान बोधिसेनाला मिळाला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळा रेखण्यात सगळ्यांचा हात लागावा. तो कुंचला आणि दोरी नाराच्या शोसोइन भांडारात आजही जपून ठेवली आहे. साडेबाराशेहून अधिक वर्षं. हे ऐकल्यावर मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून होतो. आपल्याकडे आजोबांचा चष्मा सापडत नाही! (हशा)

आता आगींकडे येतो.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी अजिंठ्याच्या दरीत शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. त्याने काय केलं? दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्रावरच, आपलं नाव आणि तारीख कोरली. आपण म्हणतो ना, 'अमुक लव्हज तमुक' कोरणारी मुलं बेशिस्त. तर ही परंपरा जुनी आहे, साहेबाची आहे.

त्यानंतर १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली ती चित्रांच्या नकला करण्यासाठी. गिल अजिंठा गावात राहिला, वर्षानुवर्षं राहिला. लेण्यांत मशालीच्या आणि आरशाच्या उजेडात त्याने मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी चित्रं जळाली. वीस वर्षांचं काम. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर कुठे आहे माहीत आहे? भुसावळला. आपण गाडी बदलायला भुसावळला किती वेळा उतरलो असू, पण किती जणांनी ती पाहिली?

मग १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांत होते. १८८५ पर्यंत हिवाळ्या-हिवाळ्यांत हे काम चाललं आणि सुमारे तीनशे नकला झाल्या. त्या लंडनला गेल्या. १८८५ मध्ये तिथल्या साठवणीच्या जागेला आग लागली आणि शंभरावर नकला जळाल्या किंवा खराब झाल्या. उरल्या त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

१९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही बंगाली तरुण मंडळी होती. त्यांच्या नकलांचं पुस्तक १९१५ मध्ये निघालं.

आणि आता १९१६. अमळनेरकरांना हे साल सांगायला नको. प्रताप शेठजींच्या पुढाकाराने आपल्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं ते याच साली. त्याच साली रवींद्रनाथ टागोर जपानला गेले होते. योकोहामाला त्यांना आराई कानपो नावाचे चित्रकार भेटले. रवींद्रनाथांना एक जपानी चित्र फार आवडलं होतं, त्याची नक्कल कानपोंनी करून दिली. रवींद्रनाथांनी त्यांना कलकत्त्याला शिकवायला बोलावलं. कानपो आले, जोडासांकोच्या घरी त्यांनी जपानी चित्रपद्धती शिकवली. आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात ते अजिंठ्याला आले. सावामुरा सेन्तारो हे अभ्यासक आणि आणखी काही जपानी चित्रकार बरोबर होते. भारतात फिरत असलेले नोसू कोसेत्सू हेही तिथे येऊन मिळाले. हेच नोसू पुढे सारनाथच्या विहाराच्या भिंती रंगवणार होते.

जरा डोळ्यांसमोर आणा. आपल्या खोऱ्याच्या कडेला, पहिलं महायुद्ध चालू असताना, ही जपानी मंडळी गुहेच्या अंधारात जमिनीवर बसून पातळ कागदावर रेषा उतरवताहेत. जी रेषा हजार-बाराशे वर्षांपूर्वी हातोहात त्यांच्या देशात पोचली होती, ती ते उगमाशी येऊन पुन्हा शिकत होते. त्या नकला टोकियोला विद्यापीठात ठेवल्या. १ सप्टेंबर १९२३. कान्तोचा महाभूकंप. टोकियो जळालं, आणि अजिंठ्याच्या नकलाही जळाल्या.

गिलच्या गेल्या, ग्रिफिथ्सच्या गेल्या, जपान्यांच्या गेल्या. अजिंठ्याची नक्कल करावी आणि ती जळावी असा जणू शापच. लोक तसं म्हणतातही. पण मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, शाप मी बाजूला ठेवतो. कारण खरी गोष्ट पुढे आहे.

१९४० मध्ये जपान सरकारने ठरवलं की होर्यूजीच्या भिंतींच्या नकला करायच्या. चित्रं विरत चालली होती. चार गट नेमले. एका गटाचे प्रमुख कोण? आराई कानपो. तेव्हा ते साठी ओलांडलेले. ज्या हाताने अजिंठ्याची रेषा गिरवली तोच हात बावीस वर्षांनी होर्यूजीची रेषा गिरवत होता. अजिंठ्यातले त्यांचे कागद राख झाले होते, पण हाताने शिकलेलं जळलं नव्हतं. अंधाऱ्या सभागृहात नीट दिसावं म्हणून तिथे फ्लुरोसंट दिवे लावले. जपानमध्ये ट्यूबलाइटचा हा अगदी सुरुवातीचा वापर. युद्ध आलं, काम रेंगाळलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये कानपो वारले. काम बाकीच्यांनी चालू ठेवलं.

२६ जानेवारी १९४९. पहाटे कोन्दोमध्ये आग लागली. कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्या चित्रकारांना ऊब मिळावी म्हणून विजेवर तापणाऱ्या बैठका होत्या, त्यांतून आग लागली असं पुष्कळदा सांगितलं जातं. वरचा मजला आणि छत दुरुस्तीसाठी आधीच उतरवलं होतं, ते वाचलं. उडत्या अप्सरांची वीस लहान चित्रंही बाहेर काढून ठेवली होती, ती वाचली. पण त्या बारा भिंती, तो पद्मपाणीचा लांबचा भाऊ, रंग जाऊन काळवंडला.

म्हणजे बघा, अजिंठ्यात मूळ चित्र राहिलं आणि नकला जळाल्या. होर्यूजीला नकला राहिल्या आणि मूळ जळालं. आणि जळालं ते कदाचित नक्कल करणाऱ्यांच्याच शेगडीने!

ही गोष्ट मला झोपू देत नाही. कारण यात खलनायक कुणी नाही. सगळ्यांचं त्या चित्रांवर प्रेम होतं. अजिंठ्यातही तसंच झालंय. नकला करताना चित्र उठून दिसावं म्हणून त्यावर व्हार्निश फिरवलं गेलं. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, फार मोठं काम केलं, पण वर लाखेचा थर दिला. तो थर काळाबरोबर पिवळा पडला आणि नंतरच्या पिढ्यांना तो हलक्या हाताने काढत बसावं लागलं. म्हणजे वाचवणाऱ्यानेही थोडं बिघडवलंच. आणि आपण? आपण नुसते आत जातो. पण माणूस आत गेला की श्वास जातो, घाम जातो, ओल जाते, पायाची धूळ जाते. अजिंठ्याचा गिलावा म्हणजे माती, त्यात भाताचा भुसा, वनस्पतींचे तंतू. त्याला ओल आणि कीड दोन्ही चालत नाहीत. 'नुसतं बघून आलो' असं काही नसतं. बघण्याची किंमत चित्र देतं.

मग काय, बघायचंच नाही? जपानने १९४९ नंतर काय केलं ते सांगतो. १९५० मध्ये तिथे सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस वारसास्थळांचा अग्निप्रतिबंधक दिन म्हणून पाळतात. आपण झेंडावंदन करत असतो तेव्हा होर्यूजीला जळालेल्या भिंतींसाठी प्रार्थना होते आणि मग पाण्याचे फवारे सोडून आग विझवण्याचा सराव होतो. चूक झाकली नाही, तिची तारीख कॅलेंडरवर लावली. जळालेल्या भिंती आणि खांब फेकून दिले नाहीत, ते वेगळ्या इमारतीत तसेच्या तसे उभे करून ठेवले आहेत. ती जागा सहसा सगळ्यांसाठी खुली नसते.

आणि १९६७-६८ मध्ये चित्रकारांची एक मोठी तुकडी बसवून बाराही भिंतींची चित्रं नव्याने काढली. आधार कशाचा? १९३५ मध्ये क्योटोच्या बेन्रिदो या छापखान्याने प्रत्येक भिंतीचे मूळ आकाराचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर घेतले होते, त्यांचा. आणि जुन्या नकलांचा. आज कोन्दोत गेलात तर मंद उजेडात ज्या भिंती दिसतात, त्या ह्या. मी तिथे उभा होतो तेव्हा शेजारच्या एका आजीबाई हात जोडून होत्या. मूळ जळालंय हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

त्या तुकडीत एक तरुण चित्रकार होता, हिरायामा इकुओ. शाळकरी वयात हिरोशिमाचा बॉम्ब त्याने झेलला होता. पुढे हा माणूस ह्युएनत्संगाच्या वाटेवर देशोदेशी हिंडला. नारातच याकुशीजी नावाचं मंदिर आहे, तिथे ह्युएनत्संगाच्या नावाने एक वास्तू आहे. तिच्या भिंतींवर हिरायामांनी ती सगळी वाट रंगवली. २००० सालाच्या शेवटी ती अर्पण झाली. चांगआन आहे, बामियान आहे, नालंदेचा चंद्र आहे. आणि एका चित्राचं नाव आहे, 'दख्खनच्या पठाराची संध्याकाळ'. खानदेशातून निघालेला माणूस डोंगरांनी वेढलेल्या त्या जपानी गावात पोचतो, आणि भिंतीवर दख्खनची संध्याकाळ. मी मुंबईहून विमानाने गेलो होतो. ती संध्याकाळ तेराशे वर्षं चालत गेली.

दोन महिन्यांनी जपानी लोक बामियानबद्दल हळहळत होते, हेही लक्षात ठेवा. मार्च २००१ मध्ये बामियानचे बुद्ध सुरुंग लावून उडवले गेले. चित्रातलं बामियान भिंतीवर चढलं आणि पाठोपाठ खरं गेलं.

आता शेवटचं, आणि ते आपल्याबद्दल. इथून जळगाव, जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर अजिंठा. आपल्यापैकी बहुतेक जण शाळेच्या सहलीत गेलो. सकाळी डबा, दुपारी लेणी, संध्याकाळी पद्मालय किंवा परत. तीस लेणी तीन तासांत. काय बघितलं? खरं सांगा. जपानचा माणूस येऊन एका भिंतीसमोर महिनोन्‌महिने बसला, आणि आपण पद्मपाणीसमोर एक मिनिट उभे राहतो, तेही मोबाइल वर धरून.

अजिंठ्याच्या विकासाला जपानच्या कर्जाचं साहाय्य मिळालं. गाड्या आता फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि तिथून बसने जावं लागतं, दरीत धूर जाऊ नये म्हणून. आपण त्या बसला वैतागतो. पुढच्या वेळी वैताग आला तर होर्यूजीची पहाट आठवा.

मी शिक्षकांना एक विनंती करतो. सहल नेताना मुलांना तीस लेणी दाखवू नका. चार दाखवा. आणि बाहेर आल्यावर, झाडाखाली बसवून, प्रत्येकाला आठवेल ते एक चित्र वहीत काढायला सांगा. वाईट निघेल. निघू दे. ज्याने एकदा तो हात, ती मान पेन्सिलने काढायचा प्रयत्न केला, तो पोरगा त्या भिंतीवर कधी नाव कोरणार नाही. आणि परतीच्या वाटेवर भुसावळला थांबून त्या गिलची कबरही दाखवा. साहेब होता म्हणून नव्हे, त्याचं काम जळालं तरी तो तिथे बसून राहिला म्हणून.

कागद जळतात, भिंतीही जळतात, हे आपण आज बघितलं. कानपोंच्या हातात जे उतरलं होतं तेवढं दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचलं. आपल्या खोऱ्यातल्या मुलांच्या हातात काय उतरतंय, एवढाच प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो आणि थांबतो.